मणिपूरच्या छावण्यांसाठी सामान गोळा झालंय, ट्रक धाडू की नको?

शिवणवाली_चिपळूण | ५ ऑक्टोबर

नमस्कार मंडळी. चिपळूणच्या बाजारात माझं शिवणाचं दुकान आहे. ब्लाउज, परकर आणि जूनमध्ये शाळेचे गणवेश.

आमच्या महिला मंडळातल्या एकीचा मुलगा निमलष्करी दलात आहे, सध्या मणिपूरला. त्याने गणपतीत घरी आल्यावर मोबाइलवर तिथल्या दंगलीत घर सुटलेल्यांच्या एका छावणीचा व्हिडिओ दाखवला. कॉलेजचा हॉल, दोऱ्या बांधून त्यावर चादरी आणि ओढण्या टाकलेल्या, एका पडद्याआड एक कुटुंब. अडीच वर्षं झाली म्हणाला. आम्ही सगळ्या गप्प झालो आणि नवरात्रात दारोदार फिरलो.

जमलं ते असं: कपड्यांच्या १४ गोणी, तांदूळ ६ पोती, कणीक २ पोती, बाळाच्या दुधाच्या पावडरीचे ४० डबे (मेडिकलवाल्याने दिले), आणि रोख ४१,३०० रुपये. ट्रकवाला गुवाहाटीपर्यंतचे एक लाख चाळीस हजार सांगतोय, आणि पुढे येणार नाही म्हणतो. इथेच माझी गाडी अडली.

खरं सांगायचं तर मला सुरुवातीपासून त्या १४ गोणींची भीती वाटते आहे. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी बाजारात शिरलं तेव्हा मी, सासूबाई आणि धाकटा पोटमाळ्यावर होतो. एस.टी. स्टँडात गाड्यांच्या टपापर्यंत पाणी. खाली माझ्या चार मशिनी बुडल्या. पाणी ओसरल्यावर मदतीच्या गाड्या आल्या, त्यांचे उपकार विसरायची नाही. पण कपडे! रस्त्याकडेला कपड्यांचे ढीग लागले होते, वरून पाऊस, खाली चिखल. एका गोणीत मला जरीचा घागरा सापडला. एका गोणीत बूट. जोड नाही, एक बूट. आणि आम्हाला त्या दिवशी हवं होतं फावडं, फिनेल, आणि मला मशीनचं तेल. सांगलीची काही पोरं आली होती, २०१९ चा पूर त्यांच्या घरात शिरलेला. त्यातल्या एकाने विचारलं, "काकू, काय पाहिजे?" एवढ्या गर्दीत विचारणारा तो एकटाच. संध्याकाळी तो तेलाची बाटली आणि दोन फावडी घेऊन आला.

तर माझा प्रश्न तोच. त्यांना काय पाहिजे? कोणाला माहीत आहे का? गुगल करून मला नुसत्या बातम्या मिळतात.

दुसरं म्हणजे मंडळात वाद आहे. एक जण म्हणते, तिथले मैतेई हिंदू आहेत, त्यांनाच द्या. दुसरी म्हणते, डोंगरातल्या कुकी लोकांची चर्चं जळली, त्यांना आधी. मी खजिनदार. दोघी माझ्यावर रुसल्यात.

---

तळकोकणी | ५ ऑक्टोबर

पयलां आपल्या घरातलां बगा, मगे दुसऱ्याचां. हयसर मुंबय-गोवा रस्तो अजून पुरो जावक नाय आणि तुमी मणिपुराक ट्रक धाडतास. गोणये तुमच्या खड्ड्यातच पडतले.

---

शिवणवाली_चिपळूण | ५ ऑक्टोबर

दादा, पुरात सांगलीच्या पोराने असाच विचार केला असता तर माझी मशीन गंजली असती. रस्त्याचं मात्र तुमचं खरं आहे.

---

सुभेदार_खेड | ६ ऑक्टोबर

ताई, ट्रक अजिबात धाडू नका. कारण सांगतो. नोकरीत दोन वेळा मणिपूर झालं आहे, त्याआधी त्रिपुरा.

मणिपूर म्हणजे बशी समजा. मधला खोलगट भाग इंफाळचं खोरं, राज्याच्या साधारण दहावा हिस्सा, तिथे मुख्यतः मैतेई. भोवतीची कड म्हणजे डोंगर, तिथे कुकी-झो (कुकी आणि त्यांच्या नात्यातल्या जमाती) आणि नागा. मैतेईंना अनुसूचित जमातीचा दर्जा द्यायचा की नाही यावरून ३ मे २०२३ ला डोंगरी जिल्ह्यांत मोर्चे निघाले आणि त्याच दिवशी आग लागली. भांडण तेवढ्यापुरतं नव्हतं. जमीन, जंगल, अफू, म्यानमारमधून येणारी माणसं, सगळं आधीपासून साठलं होतं. अडीचशेहून जास्त जीव गेले आणि साठ हजारांच्या आसपास माणसं घराबाहेर पडली. खोऱ्यात राहणारे कुकी डोंगरात पळाले, डोंगरात राहणारे मैतेई खोऱ्यात पळाले.

आता तुमचा ट्रक. दिमापूर-कोहिमाकडून येणारा राष्ट्रीय महामार्ग २ सेनापती, कांगपोकपी करत इंफाळला उतरतो. कांगपोकपी कुकींचं. तोच महामार्ग इंफाळवरून पुढे बिष्णुपूर करत चुराचांदपूरला जातो, ते कुकी-झोंचं मोठं गाव. इंफाळ ते चुराचांदपूर साठ-पासष्ट किलोमीटर, म्हणजे चिपळूणहून खेडला येऊन परत जाण्याएवढं. पण मध्ये दोन्हीकडच्या वस्त्यांमध्ये सुरक्षा दलांनी राखलेला पट्टा आहे. ना मैतेई ड्रायव्हर वर जात, ना कुकी ड्रायव्हर खाली येत. चुराचांदपूरच्या माणसाला विमान पकडायचं तर तासाभरावरचा इंफाळ विमानतळ सोडून तो मिझोराममधून ऐझॉलला जातो, डोंगरातून सगळा दिवस आणि वर रात्र. म्हणून "मणिपूरला सामान" असं काही नसतंच. खोऱ्यातल्या छावण्यांना एक वाट, डोंगरातल्यांना दुसरी. एक ट्रक दोन्हीकडे जाऊ शकत नाही.

आणि तांदूळ? तो तिथेही पिकतो. तुमच्या पोत्याचं भाडं पोत्याच्या किमतीपेक्षा जास्त होईल. पैसे पाठवले की तिथल्या दुकानदाराचाही धंदा चालतो, त्याचंही कंबरडं मोडलंय.

एक वेगळं सांगतो, याचा पुरासारखा विचार करू नका म्हणून. १९९७ मध्ये मिझोराममधून ब्रू जमातीच्या लोकांना पळावं लागलं, ते उत्तर त्रिपुरात कांचनपूरकडे छावण्यांत आले. १९९८ ला मी तिथे होतो तेव्हा आम्हाला वाटायचं, वर्षभरात परत जातील. समझोता झाला जानेवारी २०२० मध्ये. तेवीस वर्षं! त्यांना त्रिपुरातच वसवायचं ठरलं: कुटुंबामागे ४०×३० फुटांचा भूखंड, चार लाखांची मुदत ठेव, घराला दीड लाख, दोन वर्षं महिना पाच हजार आणि फुकट रेशन. मधल्या काळात छावणीत जन्मलेली पोरं छावणीतच बाप झाली. तुम्ही चिखल काढून त्याच दुकानात परत बसलात. या माणसांचं घर दिसतं, तिकडे जाता येत नाही. तेव्हा एकदाच चाळीस हजार देऊन मोकळं होण्यापेक्षा महिन्याला दोन हजार द्या.

---

सिस्टर_मावशी | ६ ऑक्टोबर

शिवणवाल्या ताई, ते दुधाचे ४० डबे मेडिकलवाल्याला आजच परत करा. रागावू नका. बाळाच्या दुधाची पावडर आणि बाटल्या दान म्हणून वाटायला १९९२ च्या कायद्याने बंदी आहे, सूट आहे ती अनाथालयांना. कायदा उगाच नाही. ३२ वर्षं प्राथमिक आरोग्य केंद्रात काढली आहेत. छावणीत पाणी धड उकळलेलं नसतं, बाटली धुवायची सोय नसते, आणि डबा हातात आला की आई पाजणं कमी करते. दूध आटतं, मग डबा संपतो, मग जुलाब. पाजणाऱ्या आईला पोटभर जेवण, आडोसा आणि निवांत बसायला जागा द्या, ती बाळाला सांभाळते.

कणीकही नको. ते भात खाणारे लोक. पुरात आपल्याकडे किती गव्हाच्या पिठाच्या पिशव्या आल्या होत्या आठवा. लाटायला पोळपाट नाही, भाजायला गॅस नाही, आणि आपल्याला हवी होती पेज.

मदतकार्यात काही किमान मापं धरतात: माणशी दिवसाला १५ लिटर पाणी, माणशी साडेतीन चौरस मीटर छप्पर, वीस माणसांमागे एक संडास. साडेतीन चौरस मीटर म्हणजे दोन खाटा शेजारी लावल्या तर होईल तेवढी जागा. हॉलमध्ये पडदे लावून राहणाऱ्यांचं ते तरी भरतं का, ते त्या मुलाला विचारा. तो तिथे आहे, त्याला मोजता येईल.

माझ्या अनुभवाने अशा वेळी जखमांचं औषध मिळतं, रोजचं मिळत नाही. बीपीची गोळी, इन्सुलिन, थायरॉइड, मिरगीचं औषध. पळताना माणूस औषधाची चिठ्ठी घेत नाही. आणि ज्या शहरात डायलिसिस होतं तिथे जायचीच चोरी. पैसे द्याल तर "औषधासाठी" म्हणून द्या आणि बिलाचा फोटो मागा. औषधं इथून घेऊन पाठवू नका, मुदत आणि तापमानाचा घोळ होतो. बायकांसाठी पॅड हा खर्च कोणी लिहून देत नाही, तो तुम्ही लिहा.

---

शिरगावची_वहिनी | ८ ऑक्टोबर

मी इथे फक्त वाचते, कधी लिहीत नाही. पण रत्नागिरीला शिरगावच्या मत्स्य महाविद्यालयात बाहेरच्या राज्यांतली मुलं येतात, त्यातली एक मणिपूरची मुलगी माझ्याकडे वरच्या खोलीत राहते. मैतेई आहे. तिचं गाव तोरबुंगच्या बाजूला, अगदी जिथे खोरं संपतं आणि चुराचांदपूर जिल्हा लागतो तिथे. ३ मे ला पहिली घरं पेटली ती त्याच भागात. आई-वडील आणि आजी तेव्हापासून खोऱ्यातल्या मोइरांगच्या छावणीत. वडिलांचं मत्स्यतळं होतं. पेंगबा नावाचा मासा, तो त्यांच्या राज्याचा मासा, लोकटाक सरोवरातून जवळपास नाहीसा झालाय म्हणून तळ्यात वाढवतात. ती त्यावरच शिकते आहे. तळं आता कोणाच्या ताब्यात आहे ते तिलाही ठाऊक नाही.

तुमचा प्रश्न मी तिला मोडक्यातोडक्या हिंदीत वाचून दाखवला. ती हसली आणि म्हणाली, कपडे नकोत आंटी, सगळ्या देशाचे कपडे आमच्याकडे आहेत. मग सांगत गेली.

आजीला न्गारी पाहिजे असते. आंबवलेली छोटी मासळी, मडक्यात दाबून भरतात, आपल्या सुकटीच्या वरताण वास. भाजी उकडून त्यात ती कुस्करली की त्यांचं एरोंबा होतं. रेशनात भात, डाळ, बटाटा येतो, पण न्गारी विकत घ्यावी लागते. ती म्हणते, पहिले तीन महिने आजी जेवणाला नावं ठेवायची, मग नावं ठेवायचं बंद केलं, तेव्हा आईला जास्त काळजी वाटली. मी तिला आमचे सोडे दिले होते, तिने चिमूटभर मीठ-मिरची लावून खाल्ले आणि आजीसाठी अर्धा किलो पोस्टाने पाठवले. पोचायला एकोणीस दिवस लागले, पण पोचले.

आई क्रोशाच्या बाहुल्या करते. छावणीतल्या पुष्कळ बायका करतात, काही जणी हातमागावर विणतात, काही उदबत्त्या वळतात. लोकर महाग पडते आणि बाहुली विकायला गिऱ्हाईक नाही. सुरुवातीला सगळे घ्यायचे, आता बातम्या थांबल्या तशी मागणी थांबली.

कागदाचंही तिने सांगितलं. घराबरोबर दहावीचं प्रमाणपत्र, जमिनीचा कागद, आधार, सगळं गेलं. सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२३ मध्ये तीन निवृत्त महिला न्यायाधीशांची समिती नेमली होती, त्यात आपल्या मुंबई उच्च न्यायालयाच्या शालिनी फणसळकर-जोशी आहेत. त्या समितीने कागदपत्रांचा विषय लावून धरला म्हणून वडिलांचं आधार परत मिळालं. जमिनीचं अजून नाही. फॉर्म, झेरॉक्स, जायला-यायला भाडं, हा सगळा खर्च रोख असतो आणि छावणीत रोख नसते.

आता तुमचा दुसरा प्रश्न. मी तिला विचारलं की पैसे दोन्हीकडे दिले तर तुला कसं वाटेल? ती बराच वेळ काही बोलली नाही. मी विषय बदलायला चहा टाकला. मग म्हणाली, त्यांच्या छावणीतही पोरं आहेत, त्यांना द्या. पण माझ्या हाताने नको. मला त्यांचा नंबर शोधायला लावू नका.

मला ते पटलं. तिला यापेक्षा जास्त काही विचारायचा मला हक्क नाही.

---

तळकोकणी | ८ ऑक्टोबर

न्गारीचा वाचून तोंडाक पाणी सुटला. सोडे एकोणीस दिवस टपालात फिरले, मगे त्या पोस्टमनाचा काय झाला आसतला!

बरां, माझो मावसभाव आसामात, सिलचरात कंपनीत आसा. डोंगराकडची वाट तो विचारून सांगात. ट्रक मात्र नकोच. ह्यां मी पयलांच सांगितलेलंय.

---

सुभेदार_खेड | ९ ऑक्टोबर

वहिनी, त्या मुलीला माझा नमस्कार सांगा.

शिवणवाल्या ताई, दोन गोष्टी राहिल्या. पैसे कोणाच्या वैयक्तिक खात्यात टाकू नका, फोनवर कितीही रडून सांगितलं तरी. संस्थेचा नोंदणी क्रमांक, ८०जी ची (आयकर सवलतीची) पावती, आणि कुठल्या छावणीत खर्च करणार ते लेखी मागा. आणि मदतीचे फोटो काढताना माणसांचे चेहरे आणि छावणीचं नाव एकत्र फेसबुकवर टाकू नका. आपल्याला ते कौतुक, तिथे हल्ला करणाऱ्यांच्या हाती ती यादी होते.

---

शिवणवाली_चिपळूण | १६ नोव्हेंबर

उशिरा लिहितेय, दिवाळीची शिलाई अंगावर होती.

दुधाचे डबे परत दिले. मेडिकलवाला फुगला, पण सिस्टरनी फोनवर कायदा सांगितल्यावर गप्प बसला. तांदूळ आणि कणीक आमच्या इथल्या वृद्धाश्रमाला. ट्रक रद्द.

मंडळाची बैठक दोन तास चालली. दोघी रुसलेल्या, त्यातली एक अजून रुसलेली आहे. मी वहिनींची पोस्ट मोठ्याने वाचून दाखवली. "माझ्या हाताने नको" इथे आल्यावर कोणी काही बोललं नाही. मग मी खजिनदार म्हणून सांगितलं की वही माझ्याकडे आहे आणि वहीत दोन रकाने आहेत. मोइरांगकडे २०,०००, औषध, पॅड आणि कागदपत्रांच्या खर्चासाठी, शिरगावच्या वहिनींमार्फत मिळालेल्या नोंदणीकृत संस्थेला. चुराचांदपूरकडे २०,०००, तळकोकणी दादांच्या मावसभावाने शोधून दिलेल्या चर्चच्या मदत समितीला, त्यांचीही नोंदणी तपासली. उरलेल्या १,३०० ची लोकर घेतली. दर महिन्याला मंडळातल्या २३ जणींनी शंभर-शंभर द्यायचे, सुभेदारसाहेब म्हणाले तसं. पहिल्या महिन्यात १९ जणींनी दिले.

लोकर मी भाऊबीजेच्या आधी कुरिअरने टाकली. वहिनींनी सांगितलं की नेमक्या भाऊबीजेच्याच दिवशी मैतेईंचा निंगोल चाकौबा सण असतो, लग्न झालेल्या लेकींना माहेरी जेवायला बोलावतात, मासे करतात, भेट देतात. त्या मुलीच्या मोठ्या बहिणीचं सासर इंफाळला, ती यंदाही छावणीत जेवायला आली. पडद्याआडच्या माहेराला. लोकर त्या दिवशी पोचली नाही, चार दिवसांनी पोचली. आईने निरोप दिला की गुलाबी फार झाली, काळी आणि पांढरी हवी होती, बाहुल्यांचे केस आणि चेहरे करायला. मला फार बरं वाटलं. काय पाहिजे ते कोणीतरी सांगितलं. काळी-पांढरी काल पाठवली.

आता त्या १४ गोणी. पाच गोणी धड कपडे निघाले, ते इथल्याच वीटभट्टीवरच्या कुटुंबांना विचारून दिले, त्यांनी निवडून घेतले. एक गोणी फेकावी लागली, काय होतं ते लिहीत नाही. आठ गोणीत जुन्या साड्या होत्या. त्यांच्या मी आणि मंडळातल्या चौघी गोधड्या शिवतोय, हाताने, धावदोऱ्याने. आतापर्यंत सोळा झाल्या, पाच विकल्या गेल्या. पाच बाय सातची ९०० रुपये, पैसे वहीतल्या दोन्ही रकान्यांत निम्मे-निम्मे. एका गोधडीला अस्तर उलटं लागलंय, ती ६०० ला देईन. तळकोकणी दादा, तुमच्यासाठी ठेवू का?

मोइरांगची पावती आली. चुराचांदपूरची अजून यायची आहे. तिकडचा फोन चार दिवस लागत नाहीये, उद्या दुकान उघडायच्या आधी परत लावून बघते.